झोपेत पोहणारी बोट

"डोळा पुन्हा हलला," गोटी म्हणाला.

अंगणात लाकडी टेकूंवर एक जुनी बोट उभी होती आणि गोटी तिच्या शेपटीशी उकिडवा बसला होता. सुट्टी लागली त्या दिवशी त्याने बोटीच्या लोखंडी पंख्याच्या एका पात्यावर खडूने डोळा काढला होता. सकाळी तो डोळा आभाळाकडे बघत होता. आता जमिनीकडे बघत होता.

"वाऱ्याने हलला असेल," शेजारचा पोरगा, वकील म्हणाला. भांडणात तो दोन्ही बाजूंनी बोलायचा, म्हणून वकील.

"वारा? दोरीवरची चादर हलत नाहीये, आणि लोखंड हलेल?" हे गोटीच्या मोठ्या बहिणीचं बोलणं. ती बोलली की टोचायचंच, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणत. मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "आपला कुत्रा झोपेत पाय मारायचा ना? तशीच ही झोपेत पोहतेय."

वकिलाने लगेच बाजू बदलली आणि मान डोलावली.

टाचणीला बोटीचं मन कळायचं, कारण रोज दुपारी ती बोटीच्या पुढच्या खणात जाऊन पडायची. वरच्या झाडाची सळसळ फळ्यांतून आत आली की पाण्यासारखी वाजायची. डोळे मिटले की अंगण वितळायचं, टेकू सुटायचे, कुंपण मागे पडायचं. बाबांनी कबूल केलं होतं, बोट पाण्यात गेली की सुकाणू सर्वांत आधी टाचणीच्या हातात. पण त्याआधी पोटातलं बंद पडलेलं इंजिन दुरुस्तीसाठी बाहेर निघायला हवं होतं, आणि ते काम मामाने अंगावर घेतलं होतं.

मामाला जगातली कुठलीही वस्तू उघडता यायची. बंद करायची वेळ आली की त्याला चहा लागायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आणि बाबांनी तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्यावर साखळीची कप्पी टांगली आणि इंजिनाला साखळी बांधली.

"इंजिनामागची जोडणी सोडवलीस ना?" बाबांनी विचारलं.

"केव्हाच." मामाने खिसा वाजवून दाखवला. आत चार बोल्ट खुळखुळले.

साखळी ताणली गेली. इंजिन जागचं हललं नाही. हलली ती बोट. तिची शेपटी टेकूंवरून वीतभर उचलली गेली, क्षणभर लोंबकळली आणि धाडकन खाली आली. आतून फळी कण्हल्यासारखा आवाज आला. टाचणीने गोटीला दंड धरून मागे ओढलं.

"वजनच फार आहे," मामा कपाळ पुसत म्हणाला. "असं नाही निघायचं. संध्याकाळी सुताराला करवत घेऊन बोलावतो. पाठ कापू आणि इंजिन मागून काढू."

"मग पाण्यात कशी जाईल?" टाचणीने विचारलं.

"नाही गेली तर बागेत ठेवू. झाडं लावू तिच्यात. मस्त दिसेल."

"नंतर जोडता येईल," बाबा पुटपुटले. बाबांचं 'नंतर' घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मोठ्या माणसाच्या चुकीला अंदाज म्हणतात. तीच चूक मुलाने केली की त्याचा कान पिळतात. टाचणी रडली नाही. जेवणं झाली, मोठी माणसं आडवी झाली, आणि ती बोटीचा निरोप घ्यायला आत शिरली. इंजिनाच्या खोबणीत उतरताना मामा ठेवायचा तिथेच, इंजिनामागच्या गोल चकतीवर, तिने पाय ठेवला. चकती पायाखाली सरकली.

"हलला!" बाहेरून गोटी ओरडला. "डोळा हलला, माझ्यासमोर!"

"पुन्हा पाय ठेव," वकील म्हणाला.

तिने ठेवला. डोळा पुन्हा हलला.

टाचणी खाली वाकली. तिथे एक नव्हे, दोन चकत्या होत्या. एक इंजिनाची. दुसरी पंख्यापर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याची. दोन्ही एकमेकींना चिकटून बसलेल्या. त्यांना जोडणारे चार बोल्ट मामाच्या खिशात होते, मग इंजिनाची चकती फिरल्यावर पंखा फिरायचं काही कारणच नव्हतं.

"गंजाने धरून ठेवलंय," ती म्हणाली. "मामाने सोडवलंय, पण सुटलेलं नाहीये."

तिघं मामाकडे धावली. मामाने डोळे न उघडताच सांगितलं, "सोडवलंय म्हटलं ना," आणि कूस बदलली.

आई शिलाई मशीनवर बसली होती. तिने सगळं ऐकलं, मशीनच्या तेलाची बाटली पुढे केली आणि एवढंच म्हणाली, "साखळी आधी सैल करा. मगच आत उतरा."

तेल चकत्यांमधल्या फटीत मुरलं. टाचणी लाकडी हातोडीने कडेवर ठोकत राहिली. थोडं ठोकायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा ठोकायचं. मागे गोटी आणि वकील पंख्याला लटकून मागे ओढत होते. ऊन कलंडलं. झाडाची सळसळ फळ्यांत वाजत होती, आणि टाचणीला वाटलं, बोट कानात काहीतरी सांगतेय.

टक्.

बोटं मोडल्यासारखा बारीक आवाज. दोन चकत्यांमध्ये उन्हाची एक रेघ उभी राहिली.

टाचणीने इंजिनाची चकती पायाने फिरवली. "डोळा?"

"गप्प आहे," गोटी म्हणाला.

सुतार आला तेव्हा वकील बोटीपुढे उभा होता. "एक विनंती आहे. कापण्याआधी फक्त एकदा ओढून बघा. बोट उचलली गेली तर खुशाल कापा."

"हट्टी कार्टी," म्हणत मामाने साखळी ओढली. बोट टेकूंवर शांत बसून राहिली. इंजिन मात्र हिंदकळलं आणि हलणाऱ्या दुधाच्या दातासारखं अलगद वर आलं.

मामाने खोबणीत डोकावून पाहिलं. "बोल्ट तर मी काढले होते."

"हो. आणि गंज?" शिलाई सोडून आलेली आई म्हणाली.

मामाने टाचणीच्या डोक्यावर टपली मारायला हात उचलला.

"टपली नको. तोंडाने बोल," आई म्हणाली.

मामाने हात खाली घेतला. "तुम्ही तिघं नसता तर मी आज चांगली बोट कापली असती."

सुताराने करवत पुन्हा फडक्यात गुंडाळली. "शहाणी पोरं आहेत. माझी खेप फुकट गेली ते बरंच झालं." बाबा माळ्यावर गेले आणि सुकाणूचा दांडा पुसत पुसत खाली घेऊन आले.

टाचणीने पंखा हाताने ढकलला. डोळा सावकाश फिरला, जमिनीकडे, कुंपणाकडे, आभाळाकडे.

"आता पुसू का?" गोटीने विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "पाण्याखालची वाट कुणीतरी बघायला हवी."