मागून येणाऱ्याला वाट

वेदांगला सुट्टीत त्या बर्फाच्या क्लासला घालायचं म्हणून तू माझ्याकडे नंबर मागितलास, अस्मिता. नंबर आहे माझ्याकडे, देते. पण आधी जरा बस. चहा टाकलाय. तो होईपर्यंत मागच्या ऑगस्टमधली एक सकाळ तुला सांगते, मग नंबर घ्यायचा की नाही ते तूच ठरव.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, गॅरेजांच्या रांगेमागे, मासळीचं एक जुनं कोल्ड स्टोरेज होतं. ते बंद पडल्यावर कुणीतरी घेतलं, आत बर्फ पसरला आणि स्कीइंगचं छोटंसं सेंटर काढलं. दुबईच्या मॉलमध्ये उतारावरून घसरतात, तसलं हे नव्हे. इथे सपाट बर्फातून चालायचं. पायात लांब अरुंद पट्ट्या, बुटाचं फक्त पुढचं टोक त्यांत अडकवलेलं, टाच मोकळी, आणि हातांत दोन काठ्या. बर्फात रुळांसारख्या दोन खाचा पाडून ठेवलेल्या असतात, त्यांतून सरकत राहायचं. वाट खांबांमधून, जुन्या खोल्यांच्या मागून वळसे घेत जाते आणि फिरून दारापाशी येते. लांबच्या टोकाला बर्फाचा एक उंचवटा आहे. नमस्काराला वाकतो तसा एक गुडघा वाकवून त्यावरून वळत खाली यायचं, त्याला टेलिमार्क म्हणतात. आमची आभा त्या सगळ्यावर लुब्ध होती. भरतनाट्यम झालं, स्विमिंग झालं, कीबोर्ड झाला; कशातच जीव रमला नाही पोरीचा. इथे मात्र शनिवारी न उठवता उठायची.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. गुणवंत म्हणतो, तू दुधावरच्या सायीचीसुद्धा चौकशी करशील. करते. तेरा वर्षांची मुलगी परक्या मुलखात वाढवायची तर डोळे मिटून कसं चालेल? तर एका शनिवारी जेवताना मी आभाला सहज विचारलं, "एवढ्या मोठ्या गोदामात एकटीच फिरतेस का गं? भीती नाही वाटत?"

"नॉट अलोन, ममा," ती ताटातून मान वर न करता म्हणाली. "समवन इज ऑलवेज बिहाइंड मी."

"कोण?"

"आय डोन्ट नो. सम कोच, आय गेस. मागे वळून बघायचं नसतं, बॅलन्स जातो. ही टॅप्स हिज पोल्स, दॅट्स इट."

मागचा माणूस काठ्या एकमेकींवर आपटतो, तेव्हा पुढच्याने खाचांतून बाजूला होऊन त्याला वाट द्यायची, असा तिथला शिष्टाचार आहे म्हणे. आभा म्हणाली, तिने एकदाही वाट दिली नव्हती. तिला पुढेच राहायला आवडतं. ते माझ्याकडूनच आलंय. शारजा-दुबई रोडवर मी तरी कुणाला लेन सोडते?

मला ठाऊक असलेला तिथला एकच कोच म्हणजे जहूर. गिलगिटकडचा, चाळिशीचा, गप्प माणूस. माझ्या मनात काय आलं ते तुला सांगायला नको. गुणवंतला बोलले असते तर त्याने एकतर हसण्यावारी नेलं असतं, नाहीतर क्लासच बंद केला असता. म्हटलं, आधी आपल्या डोळ्यांनी बघू.

पुढच्या शनिवारी गुणवंत आभाला सोडून ऑफिसला गेला आणि पोरगी हातमोजे घरीच विसरली. मला निमित्त मिळालं. गाडी काढली. सकाळीच स्टिअरिंगला हात लावू देईना इतकं ऊन होतं. सेंटरच्या दाराबाहेर सावलीला जहूर खुर्ची टाकून चहा पीत बसला होता. त्याच्या गुडघ्याला पट्टा होता आणि खुर्चीला कुबडी टेकवलेली होती.

"जहूरभाई, आप अंदर नहीं हैं?"

"घुटना गया, मैडम. ईद के बाद से बर्फ पे पाँव नहीं रखा."

"तो आभा के पीछे कौन जाता है?"

त्याने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. "सबके पीछे मैं जाता था. आख़िरी आदमी देखता है कोई अंदर रह तो नहीं गया. फिर खलास बोलके दरवाज़ा बंद." मग म्हणाला, "अब कोई नहीं जाता."

"लेकिन वो बोलती है कोई है..."

"मालूम नहीं, मैडम."

तो खोटं बोलतोय, याबद्दल माझी खात्रीच पटली. गुडघ्याचा पट्टासुद्धा मला नाटकी वाटला. काउंटरवर नबिला होती. तिला म्हटलं, आतला कॅमेरा दाखव. ती म्हणाली, थंडीने तो सारखा बंद पडतो. हेही मला पटलं नाही. सगळे एकाच माळेचे मणी. मी सँडल काढून काउंटरपाशी ठेवले, बूट आणि पट्ट्या चढवल्या आणि आत गेले. फॅमिली डेला दोनदा चालले होते त्यावर, अगदीच नवखी नव्हते.

आत निम्मे दिवे बंद होते. दिव्यांनी बर्फ वितळतो म्हणून सकाळी असंच ठेवतात. बाहेरच्या उन्हातून आल्यावर मला आधी काहीच दिसेना. वास मात्र आला. किती धुतलं असेल ते गोदाम, तरी जुन्या मासळीचा वास थंडीत मुरून राहिलेला होता. वर पंखे घुमत होते. मग लांब, खांबांच्या पलीकडे, आभाचं नारिंगी जॅकेट दिसलं.

"आभा... हातमोजे..."

तिने ऐकलं नाही. मी तिच्या मागे निघाले. पट्ट्यांची सर्र सर्र, काठ्यांची टक टक. तिची पुढे, माझी मागे. ती वळणाआड जायची, मी वळणावर पोचेपर्यंत पुढच्या वळणाआड गेलेली असायची. उंचवटा गेला. गंजका पाइप गेला. जुन्या खोल्यांची लोखंडी दारं गेली. पुन्हा उंचवटा आला, पुन्हा पाइप. मला दम लागला होता, म्हणून आधी लक्षात आलं नाही. गोल वाट आहे, तेच तेच येणारच. पण मध्ये दार यायला हवं होतं. उजेडाचं, काचेचं, पलीकडे नबिला बसलेली... ते येत नव्हतं.

मी देवरुखची आहे. चकवा लागतो म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माणूस रात्रभर त्याच शेताभोवती फिरतो आणि आपण घरी चाललोय असंच त्याला वाटतं. रानात ते लवकर ध्यानात येतं. इथे लोक फी भरून गोल फिरतात, इथे चकवा लागलेला कुणाला कळणार?

तेवढ्यात मागे काठ्या वाजल्या.

टक. टक.

आभा पुढे होती, जहूर बाहेर होता. मी वळले नाही. मानेवर गार हवा येत होती, आणि वास एकदम जवळ आला होता.

टक. टक.

वाट मागत होतं जे काही होतं ते. दिली असती तर ते माझ्या पुढे गेलं असतं, आणि माझ्या पुढे माझी मुलगी होती. अस्मिता, मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. पण दोन्ही पाय त्या खाचांत घट्ट रोवून मी तिथेच उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "वाट मिळायची नाही."

मागे शांतता झाली. ते गेलं नव्हतं. थांबलं होतं.

आमचे आण्णा सांगायचे, चकवा लागला की खाली बसावं आणि पायातलं पायताण उलटसुलट करावं. मी बर्फात बसकण मारली. पट्ट्या काढल्या, बूट काढले, बोटं बधिर झाली होती तरी डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात कोंबला. पट्ट्या तिथेच टाकल्या आणि चालत निघाले. पहिल्याच वळणावर दार. काचेचं नव्हे, बाजूचं, पार्किंगकडे उघडणारं लोखंडी दार. आणि त्या दारापाशी नारिंगी जॅकेटमध्ये आभा उभी.

मी काही विचारलं नाही. तिचा हात धरला आणि दार ढकलून उन्हात आले. हात गार होता, पण हातमोज्यांशिवाय गारच असणार. ती गपचूप मागच्या सीटवर बसली. मी उलट्या बुटांनीच गाडी सुरू केली. सँडल काउंटरपाशी राहिले होते. म्हटलं, खड्ड्यात गेले.

अल नहदाच्या सिग्नलपर्यंत आम्ही आलो असू. मला जरा जरा हायसं वाटायला लागलं होतं. आरशात आभा खिडकीबाहेर बघत बसलेली दिसत होती. तेव्हा फोन वाजला. नबिला.

"मैडम, आपके सैंडल इधर रह गए."

"कल ले जाऊँगी."

"इन्शाल्ला, कोई बात नहीं. मगर बेटी को कब लेने आएँगे? बेचारी कब से बैठी है."

मी म्हटलं, "कौन सी बेटी?"

"आभा, मैडम. यहीं है. लो, बात करो."

फोन गाडीच्या स्पीकरवर होता. आवाज सगळ्या गाडीत भरला. "ममा? व्हेअर आर यू? यू टॅप्ड, सो आय लेट यू पास. मग तू बाहेरच आली नाहीस."

मी आरशात बघितलं. मागच्या सीटवरची मुलगी आता खिडकीबाहेर बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "कोण बोलतंय गं ते?"

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. मी फोन बंद केला आणि मिळेल तिथून गाडी वळवली. तिला कळलं. ती पुढे वाकली. माझ्या सीटला दोन्ही हातांनी धरून रडायला लागली, अगदी आभा रडते तशी, नाक ओढत.

"आई, परत नको ना नेऊस... मी आत्ता कशीबशी बाहेर आलेय... आई, ती मी नाहीये..."

सबंध रस्ताभर. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर मला गाडी थांबवावी लागली असती. आभा मला ममा म्हणते, आई नाही, एवढं एकच मी मनात धरून ठेवलं होतं. पण अगदी लहान असताना, भारतात आजोळी होती तेव्हा, ती मला आईच म्हणायची.

सेंटरपाशी पोचले, इंजिन आणि एसी चालू ठेवला, उतरले आणि धावत आत गेले. आभा बाकावर बसून हॉट चॉकलेट पीत होती. नारिंगी जॅकेट, तोंडाला चॉकलेटची मिशी. मी तिला इतकं घट्ट धरलं की कप सांडला. "ममा, चिल," म्हणाली.

तिला घेऊन बाहेर आले तर गाडीचं मागचं दार सताड उघडं होतं. सीट रिकामी आणि ओली. तिथून त्या लोखंडी दारापर्यंत डांबरावर बुटांचे ओले ठसे गेले होते, आणि उन्हाने ते माझ्या डोळ्यांदेखत सुकत होते. दार मी ओढून बघितलं. आतून लागलेलं होतं. जहूर अजून खुर्चीतच होता.

"जहूरभाई, अंदर देखो. कोई रह गया है."

"कोई नहीं है, मैडम."

"आपने देखा?"

तो कुबडी धरून उठला आणि त्या लोखंडी दाराच्या बाहेरच्या कडीला त्याने कुलूप घातलं. "खलास," म्हणाला, पण अगदी हळू.

आम्ही पुन्हा तिकडे गेलो नाही. गुणवंतला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, उन्हातून एकदम थंडीत गेलीस, भास झाला. असेल. आभा बरी आहे. शाळेत जाते, जेवते, उलट उत्तरं देते, सगळं पूर्वीसारखं. रात्री ती झोपली की मी तिच्या दाराशी उभी राहून बघत असते, आणि मला माझीच लाज वाटते. हनुवटीवरची खूण बघितली, पाठीवरचा तीळ बघितला. सगळं जागच्या जागी आहे.

पण मला सांग, अस्मिता, तूही आई आहेस. तेरा वर्षांच्या मुलीला तिची आई आत सोडून, गाडी काढून, अर्ध्या रस्त्यापर्यंत निघून जाते. कुठलीही पोर महिनाभर भांडेल, विचारून विचारून जीव नको करेल.

हिने मला आजपर्यंत एकदाही विचारलेलं नाही की मी तिला तिथे सोडून का गेले होते.