बिनचेहऱ्याची सोंगटी

"माझ्या भावाला कुणीतरी दुसऱ्यांदा मारलंय!"

दार ढकलून आत आलेल्या बाईने लॅपटॉप टेबलावर असा आपटला, की भाऊजींच्या कपातला चहा बशीत उतरला. भाऊजींच्या कपाळाला आठी पडली. सकाळपासून कुणी त्यांना सुखाने दोन घोट घेऊ दिले नव्हते.

"बसा," धाकटी म्हणाली.

धाकटी ही भाऊजींची मेहुणी. पन्नाशी गाठली, तरी घरात आणि धंद्यात तिचं नाव धाकटीच. ती लोकांच्या लबाड्या शोधून काढायची, आणि निवृत्त झाल्यापासून भाऊजी तिच्यामागे फिरायचे. तपासात मदत करतो, असं ते बायकोला सांगत.

बाई चित्रकार होती. तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर गुहेचा नकाशा होता आणि त्यावर गोल सोंगट्या. मित्रमंडळी आपापल्या घरी बसून या पटावर राक्षस-जादूगारांचा खेळ खेळत. प्रत्येक सोंगटीवर त्या त्या पात्राचा चेहरा, ज्याला जसा आवडेल तसा सजवलेला. खेळ ही बाई चालवायची.

"हा मशालजी. माझ्या भावाची सोंगटी. गेल्या वर्षी तो गेला. त्याने स्वतःचंच तोंड काढलं होतं यावर, त्याच्या हातचं शेवटचं चित्र! म्हणून आम्ही ती पटावर तशीच ठेवली. काल डाव उघडला, तर हे!"

मशालजीच्या जागी नुसतं करडं वर्तुळ होतं. त्याच्याभोवती मशालीचा पिवळा उजेड मात्र पसरलेला होता.

"मशाल चालू आहे," धाकटी म्हणाली.

"मशालीचं काय घेऊन बसलात? चेहरा गेलाय! खेळाच्या साइटवर चित्राची एकच फाइल होती, तिच्यावरच मी हात फिरवत आले. तीच पुसलीय मेल्यांनी."

"कसा होता चेहरा?"

"राजबिंडा! भरघोस दाढी, चांदीचं चिलखत. मागच्या डावानंतर सोनेरी कड लावली होती, ती कुणाला दाखवायचीसुद्धा राहिली."

"आत कोण शिरू शकतं?"

"माझा पासवर्ड मंडळातल्या दोघांना ठाऊक आहे. म्हणजे दंतवैद्य, नाहीतर प्लंबर. वहिनीला यातलं ओ की ठो कळत नाही. तिने पट कधी उघडलेलाच नाही."

दंतवैद्याने हातमोजेही काढले नाहीत. "मी कशाला पुसू? पण खरं सांगू? वीट आला होता मला. दर डावाला मशालजीचा नवा थाट! मेलेल्या माणसाची बाहुली करून टाकली तिने. बोललो, तर अंगावर आली."

"शेवटचा कसा पाहिलात?"

"दाढी आणि चांदीचं चिलखत. अजून काय असणार?"

प्लंबर कुणाच्या तरी सिंकखालून बाहेर आला तो भडकूनच. "मी पुसेन? जिगरी दोस्त होता तो माझा! हे बघा." ओल्या बोटांनी त्याने फोनवर खेळातला वीस बाजूंचा फासा टाकला. "माझे फासे मी माझ्या पसंतीने सजवलेत. वीस पडले की आकड्याच्या जागी दोस्त हसतो. त्याने काढलेलं त्याचं तोंड, तो होता तेव्हाच बसवलंय." सात पडले. "पडायचं तेव्हा पडत नाही!"

"आणि पटावरचा मशालजी?"

"तो चांदीवाला? मला नाही आवडला."

वहिनीने दार उघडलं, पण बसा म्हटलं नाही. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता. जाड चष्मा, वाकडं नाक, तोंडभर हसू. आतल्या खोलीत कंप्युटरचा पंखा घुमत होता.

"मला त्या खेळातलं काही कळत नाही," ती फणकारली. "सोन्याची कड काय, चिलखत काय, त्यांचं त्यांना लखलाभ!"

जिना उतरताना भाऊजी म्हणाले, "दंतवैद्यच. वीट आला म्हणून कबूल केलं की त्याने."

"भाऊजी, सगळ्यांना इथेच बोलवा," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा तापला होता.

सगळे आतल्या खोलीत जमले, तेव्हा धाकटी उभ्यानेच बोलू लागली.

"ज्याला राग मशालजीचा होता, त्याने सोंगटीच उचलून फेकली असती. इथे चेहरा गेला आणि मशाल राहिली. म्हणजे हा चेहरा नको होता, पण माणूस हवा होता. आता दुसरं. सोनेरी कड मागच्या डावानंतर लागली. हे दोघं चिलखतापाशीच थांबले. कडेबद्दल एकच माणूस बोललं, पट कधीही न उघडलेलं."

भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला. कड त्यांनीही ऐकली होती.

"नवऱ्याचं खातं या कंप्युटरवर उघडंच आहे. आपल्या सोंगटीचं चित्र खेळाडूला बदलता येतं, पुसताही येतं. हो ना, वहिनी?"

"हो, मीच पुसलं!" वहिनी ओरडली. "रोज बसते मी इथे, त्याला बघायला. आणि समोर कोण? कुणीतरी परकाच! आधी चष्मा काढलात. मग दाढी चिकटवलीत. नाक सरळ केलंत, ताई! त्याचं नाक!"

"मी छान केलं त्याला!"

"छान कुणी मागितला होता?"

"माझ्या भावाचं चित्र परत दे!"

"ते त्यांच्याकडे नाही," धाकटीचा आवाज चढला. "एकच फाइल, आणि तिच्यावरच तुम्ही हात फिरवत आलात. भावाचं चित्र तुम्ही स्वतः पुसलंत, पहिल्याच दुरुस्तीला. वहिनींनी पुसलं ते तुमचं."

चित्रकार मटकन खाली बसली. भाऊजींना तिची दया आली आणि रागही आला.

"प्लंबरसाहेब," धाकटी म्हणाली, "दोस्त होता तेव्हा बसवलेला फासा काढा."

"सजावटीच्या पानावरून लगेच काढून देतो. पण आधी पाडू द्या!" तो इरेला पेटून फोनवर बोट आपटत राहिला. चार. अकरा. तीन. वहिनी नकळत त्याच्या खांद्यावरून वाकली.

वीस पडले. जाड चष्मा, वाकडं नाक, तोंडभर हसू.

प्लंबरने चित्र पाठवलं, चित्रकाराने ते करड्या वर्तुळात बसवलं, आणि सवयीने तिचं बोट सजावटीच्या बटणाकडे गेलं.

"ताई! कडेला हात लावाल तर याद राखा."

चित्रकाराने हात मागे घेतला. वहिनीने नवऱ्याची खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यात बसली. डोळे पुसायचीही तिने तसदी घेतली नाही.

"आता याची पाळी आली की काय करायचं, ते सांगा मला."