खंडेनवमीचं वजन

तीन वर्षं, दर रविवारी, पासिर रिसजवळच्या भाड्याच्या शेडमध्ये मी एक छोटं विमान जोडत होतो. वर-खाली दोन पंख, बसायला एकच जागा. सोमवारी सकाळी तपासनीस येणार होता. रिकाम्या विमानाचं वजन कागदावरच्या दोनशे चौऱ्याऐंशी किलोंशी जुळलं, तरच उड्डाणाचा परवाना. नाही जुळलं तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे या परदेशात राहून नोकरी करायची परवानगी, महिनाअखेर संपत होती. विमान काही बॅगेत घालून पुण्याला नेता येत नाही.

त्यात रविवारी नेमकी खंडेनवमी. माझ्या बायकोनं, सुचित्रानं, पान्यांना, विमानाला आणि तिन्ही वजनकाट्यांना हळदकुंकू लावून झेंडू वाहिला.

"आज कशालाही हात लावू नकोस, सारंग. उद्या दसऱ्याला उचल," असं सांगून ती डबा आणायला गेली.

ती वळताच मी फुलं बाजूला केली.

नेहमीसारखा आधी एकेका काट्यावर स्वतः उभा राहिलो. तिन्हींवर एकाहत्तर. मग दोन्ही चाकं आणि शेपूट जॅकनं काट्यांवर चढवली. बेरीज आली तीनशे पंचावन्न.

टाकी कोरडी होती. काटे अदलूनबदलून पाहिले. तीनशे पंचावन्न. बाहेरच्या धुरकट हवेनं घसा जळत होता, शर्ट पाठीला चिकटला होता. पंखांच्या फटी टॉर्चनं तपासल्या, पुन्हा मोजलं. तेच. वैतागून पाना भिरकावला.

सुचित्रा परतली. बाजूला सारलेली फुलं तिनं पाहिली. मग वहीतले आकडे वाचले.

"जास्तीचे एकाहत्तर. तुझंच वजन की."

"मग बसूनच बघतो," मी चिडून म्हणालो आणि चढलो. सीट उबदार होती.

"किती?"

तिनं बेरीज दोनदा केली. "तीनशे पंचावन्नच."

मी उतरलो.

"आता दोनशे चौऱ्याऐंशी," ती हळूच म्हणाली.

जुळलं होतं. इतका आनंद झाला की मला हसूच फुटलं. काटेच अडकत असणार, दुसरं काय. शेपटीखालचा काटा मोकळा केला आणि खात्रीसाठी त्यावर उभा राहिलो.

शून्य.

सुचित्रानं वाकून आकडा पाहिला. मग माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, आणि घरी पोचेपर्यंत सोडलं नाही.