सहा एकांचा नंबर

ही गोष्ट एकोणीसशे एकसष्ट सालची. मार्च महिना, राळेगावचा एसटी स्टँड. वाऱ्यानं जमनीचं मॅट्रिकचं हॉलतिकीट उडालं, ते एका सायकलच्या चाकात जाऊन अडकलं. सायकलवाल्यानं ते उचललं, वाचलं—आणि हसला.

"दुसऱ्याचा कागद वाचून कायले हासता?" जमनी तडकली.

"तुमच्या नंबराले हासलो. तीननं गुणून तर पाहा!"

हा देवसिंग, यवतमाळच्या कॉलेजात गणित शिकणारा. तिकीट घेऊन जमनी बसमध्ये चढली आणि धुळकट काचेवर तिनं बोटानं गुणाकार मांडला. एक, एक, एक... सहाच्या सहा एक! तिनं चमकून बाहेर पाहिलं. त्यानं तीन बोटं वर केली. बस हलली.

परीक्षा झाली आणि हॉलतिकीट झंपराच्या खिशातच धुतलं गेलं. लगदा! नंबर आता नुसता आठवणीत.

जमनीच्या बापाचा, हरिसिंगांचा, शब्द ठरलेला होता. पास झाली तर मास्तरणीचं ट्रेनिंग, नापास झाली तर श्रावणातल्या तीजेच्या सणानंतर दिग्रसच्या मुलाशी लग्न. जूनमध्ये त्यांनी निकालाचं वर्तमानपत्र आणलं. जमनीनं दहादा बोट फिरवलं. ३७०७३ नव्हता.

"लय शिकली बेटी तू," हरिसिंग हळूच म्हणाले, वर्तमानपत्र काखेत मारून जोडा घालू लागले. "दिग्रसले निरोप देऊन येतो."

ती घरामागं जाऊन बसली. डोळ्यांपुढं ती तीन बोटं आली... तिनं कोळसा घेऊन भिंतीवर गुणाकार केला. १११२१९. हा दोन कुठून आला? नऊ कुठून आला? तिनं सहा एक मांडले, तीननं भागले. ३७०३७!

"बा, थांबा!"

तांड्याच्या वाटेवरच तिनं वर्तमानपत्र ओढून घेतलं. होता! तिसऱ्या ओळीत, मुकाट बसलेला. हरिसिंग मटकन शेताच्या धुऱ्यावर बसले आणि लहान पोरासारखे हसू लागले.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. घामानं चिंब देवसिंग.

"तुमी पास..."

"माहीत हाय."

"अन् मी बारा कोस सायकल हाकत आलो!"

"कोणी सांगितलं होतं?" जमनीनं ओढणी सावरली. "नंबर काहून ध्यानात ठेवला?"

"नंबर तर सोपा हाय... बाकीचंच विसरता येत नव्हतं."

हसू आलं तिला. पण एक धाकधूक उरलीच होती. बंजाऱ्यांत एकाच गोतात लग्न होत नाही. खाली बघत तिनं विचारलं, "गोत कोणतं तुमचं?"

"पवार. तुमी राठोड—त्याच दिवशी तिकिटावर नाव-गाव वाचून घेतलं होतं."

ट्रेनिंग संपल्यावर, त्रेसष्टमध्ये त्यांचं लग्न झालं. जमनीबाईंनी लोहाऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं पाढे शिकवले. देवसिंग यवतमाळला गणिताचे मास्तर झाले. दिग्रसचा मुलगा एसटीत कंडक्टर लागला, त्याचाही संसार झकास झाला. हरिसिंगांना मात्र शेवटपर्यंत सही आली नाही. तेवढा एक आकडा ते शिकले होते. दर तीजेला दाराच्या चौकटीवर खडूनं काढायचे—३७०३७.