तळच्या टोपल्या

समज, तुझ्या डोक्यावर एक टोपली आहे. टोपलीत पाडलेल्या भिंतीचा राडारोडा आहे: चुन्याच्या गिलाव्याची पांढरी ढेकळं, विटांचा चुरा. पायाखाली खाडीचा चिखल. आता मला सांग, टोपली जड आहे की हलकी, हे तुला आधी कोण सांगेल? डोळे? छे. तुझी मान सांगेल. ती मान या गोष्टीत विसरू नकोस.

आणखी एक कर. आजच्या नेरूळमधलं स्टेशन पुसून टाक, इमारतीही पुसून टाक. मग उरते खाडी, भातशेतीला खाऱ्या पाण्यापासून राखणारा मातीचा बांध, आणि त्याच्या आतल्या बाजूला आमच्या गोष्टीतलं गाव. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. चैत्राची पुनव, म्हणजे खाडीला उधाण.

दुपारी यशोदाबाई शाळेला कुलूप लावत होत्या, तेवढ्यात धक्क्यावरून ओरडा आला.

"होडी बुडली! रज्जाकची होडी बुडली! दादू आत सापडला!"

बाई धावल्या. धक्क्याला बांधलेली होडी एका कुशीवर कलंडून पाण्याखाली गेली होती. भोवतालचं पाणी चुन्याने दुधासारखं झालं होतं. होडीवरचा गडी दादू चिखलात पडून विव्हळत होता. होडी आणि धक्क्याचा खांब यांच्यामध्ये त्याचा पाय चिरडला होता.

होडीवाला रज्जाक कमरेइतक्या पाण्यात नुसता उभा होता.

"जादा भरला!" गोटीराम मुकादम ओरडत होता. मिठाची जुनी कोठी पाडून तिचा राडारोडा जासईला, नव्या रस्त्याच्या भरावाला पाठवायचं काम त्याच्याकडे होतं. "एक फेरी वाचवायला गेला, आनि मानसाचा पाय घालवला. संध्याकाली गाव बसल. ह्याची होडी या धक्क्याला परत लागायची नाय!"

"काल भरला तेवढाच आज भरला," रज्जाक म्हणाला. "बाई, तुमी तरी गाडगं बघा."

गाडगं म्हणजे त्याचा हिशेब. ओहोटीला होडी चिखलावर बसते. तेव्हाच ती भरायची, कारण बायकांना चालत होडीपर्यंत जाता येतं. मग भरती येते आणि भरलेली होडी आपोआप वर उचलली जाते. पण चिखलावर बसलेली होडी किती खाली दबली हे दिसत नाही. म्हणून रज्जाक दर टोपलीला गाडग्यात एक शिंपली टाकी. गाडगं गळ्यापर्यंत आलं की भरणं बंद.

बाईंनी धक्क्यावर ठेवलेलं गाडगं पाहिलं. शिंपल्या गळ्यापर्यंतच होत्या. एकही वर नव्हती.

*

दादूला त्याच्या बहिणीच्या, शांतीच्या घरी आणलं. हाडवैद्याने पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. शांतीची मुलगी मैना मामाच्या उशाशी बसून वारा घालत होती. एरवी तोंड न मिटणारी ही पोर आज एक शब्द बोलत नव्हती.

"शांती, आज टोपल्या कोणी उचलल्या?" बाईंनी विचारलं.

"आमीच. रोजच्याच बाया."

"शीग लावून भरल्या होत्या?"

"नाय वो. काठापरत. रोज भरतो तशाच. पन..."

"पण काय?"

शांतीने मान चोळली. "आज मान धरली. सगल्यांचीच. काशी म्हनली, गो, आपन म्हाताऱ्या झालो. हसलो आमी तवा."

"ढेकळं हाताला गार लागली नाहीत?"

"पहाटं सगलंच गार लागतं, बाई."

"कोठीतला कुठला ढीग उचललात?"

"काल वरचा नेला. आज तलचा."

मैनाच्या हातातला पंखा थांबला. मग पुन्हा हलू लागला.

*

कोठी बांधाच्या आतल्या बाजूला होती. वाटेत गावातल्या पोरांची डबकी लागत. खाडीतली माशांची पिल्लं आणून ती त्यात वाढवायची, हा पोरांचा उद्योग. उन्हाने सगळी डबकी आटली होती, तळाची माती तडकली होती.

एक सोडून. मैनाचं डबकं काठोकाठ होतं. त्यात जिताड्याची दोन पिल्लं मजेत फिरत होती.

बाई तिथे थबकल्या. सोमवारी वर्गात मैनाने विचारलं होतं, "बाई, डबकं आटलं तर माझे मासे मरतील ना?" आणि वह्या तपासता तपासता, मान वर न करता, बाई हसून म्हणाल्या होत्या, "एवढी खाडी उशाला असताना पाण्याची कसली चिंता गं?"

बाईंचा चेहरा उतरला. त्या पुढे चालू लागल्या.

कोठीची जमीन भोवतालपेक्षा खोल होती. अर्ध्या भिंती पाडलेल्या, मधे उरलेला ढीग. वरची ढेकळं पांढरी आणि सुकी. बाईंनी कोपरापर्यंत हात आत घातला. आत गार. ढेकूळ बाहेर काढलं तर ते राखाडी निघालं. जिभेला लावलं तर खारट. पण मिठाच्या कोठीचा चुना खारट असणारच, त्याने काही ठरत नव्हतं.

मग कोपऱ्यात काहीतरी टपकन उडालं.

ओंजळभर पाणी साचलं होतं आणि त्यात एक निवटी होती, खाडीच्या चिखलात उड्या मारते ती मासोळी. पावसाळ्याला दोन महिने अवकाश. मग निवटी इथे आली कुठून?

कोठीच्या दारापासून एक चर निघत होता. बाई त्याच्या कडेने चालत गेल्या. चर मैनाच्या डबक्याला लागून जात बांधाच्या उघाडीपाशी संपला. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी फळ्यांचं दार: ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खाडीचं पाणी अडवायचं. ती राखायचं काम धर्माचं. धर्मा म्हणजे मैनाचा बाप.

*

संध्याकाळी धक्क्यावर गाव बसलं. ओहोटी लागली होती. रज्जाकची होडी चिखलात उघडी पडली होती, राडारोड्यासकट. रात्रीची भरती यायच्या आत ती रिकामी झाली नाही, तर तिच्या फळ्या फुटणार होत्या. पण ज्याच्यावर ठपका त्याच्या होडीला हात कोण लावणार?

"होडीला भोक आहे का?" बाईंनी विचारलं.

"तल बघितला मी. धड हाय," गोटीराम म्हणाला. "म्हनून तर सांगतो, जादा भरला."

"काशी, तुझा मासळीचा तराजू दे."

बाईंनी कोठीतल्या ढिगावरून आणलेली दोन सुकी ढेकळं दोन पारड्यांत ठेवली, काठ फोडून फोडून काटा बरोबर मधे आणला. मग एक ढेकूळ बादलीत बुडवलं. पाण्यावर बुडबुडे येऊ लागले.

"बोलतंय काय ते?" कुणीतरी हसलं.

"पितंय," बाई म्हणाल्या.

बुडबुडे थांबेपर्यंत त्या थांबल्या. ढेकूळ निथळून परत पारड्यात ठेवलं. पारडं खाली गेलं.

काशीने वाकून काटा पाहिला.

"ढेकूळ तेच आहे, वजन वाढलं. असंच टोपलीचं झालं. रज्जाकने टोपल्या मोजल्या, आणि बरोबर मोजल्या. काल वरचा सुका माल होता, होडी तरली. आज तळचा माल पाणी प्यायलेला होता. शांतीच्या मानेला ते पहाटेच कळलं, पण मानेचं ऐकलं कुणी? होडी चिखलात बसलेली, त्यामुळे रज्जाकला काही दिसलं नाही. भरती आली तेव्हा होडी उचललीच नाही. पाणी काठावरून आत शिरलं."

"पन चैताच्या महिन्यात कोठीत पानी कुठून?" गोटीराम म्हणाला.

"खाडीचं. तिथे मला निवटी मिळाली. काल दुपारच्या उधाणाला उघाडीची फळी वर उचलली गेली. सगळं गाव तेव्हा धक्क्यावर, रज्जाकच्या कालच्या होडीपाशी होतं."

सगळ्या माना धर्माकडे वळल्या. तो उठला.

"माजीच चूक. फली सैल रायली."

"धर्मा, काल दुपारी तू शाळेच्या छपरावर होतास. चढण्याआधी म्हणालास, फळी ठोकून आलोय."

"बोललो ना, माजी चूक!" धर्माचा आवाज चिरकला. "सकाली फली तिरकी बघितली मी. कोनाचा हात लागला ते समजलं. पन होडीवर काय बेतल ते नाय समजलं. तोंड मिटून बसलो. दादूचा पाय गेला तवापन मिटूनच बसलो."

बाई खाली बघत म्हणाल्या, "गावातली सगळी डबकी आटली आहेत, एकच भरलेलं आहे. आणि त्या पोरीला खाडीचं पाणी दाखवणारी मी आहे. तिने जीव तोडून विचारलं होतं, मी थट्टेवारी नेलं."

गर्दीच्या मागून मैना पुढे आली.

"मी केली फली वर," ती म्हणाली. "थोडंसंच पानी घेनार होते, बाई. पन ते एवढं जोरात आलं, फली खाली जाईना. मी वर उभी रायले, नाचले, तरी जाईना. ओहोटी लागली तवा बसली. पानी चरातून परत गेलं. मला वाटलं, सगलं गेलं." ती थांबली. "मामा वरडला तवा मी शालंच्या मागं होते. तवाच समजलं मला."

शांतीने तोंडाला पदर लावला. रज्जाक चिखलातल्या आपल्या होडीकडे बघत होता. पाणी अजून दूर होतं, पण आता ते मागे जात नव्हतं.

कुणी मैनाला रागावलं नाही. कुणी जवळही घेतलं नाही.

तिने परकर खोचला. धक्क्याखाली उतरली, गुडघाभर चिखलातून होडीपाशी गेली, तिथे पडलेली टोपली उचलली आणि दोन्ही हातांनी राडारोडा भरू लागली. टोपली भरली. उचलायला गेली, उचलेना. पुन्हा जोर लावला.

"अर्धी भर गो," धक्क्यावरून रज्जाक म्हणाला. "ओला हाय तो."

मैनाने टोपलीतला निम्मा माल परत होडीत टाकला. उरलेला डोक्यावर घेतला, बांधावर नेऊन ओतला, आणि रिकामी टोपली घेऊन परत चिखलात उतरली.