खालून आलेला आवाज

बायकोच्या देखत मी हे कधी सांगत नाही. ती आत झोपली आहे, म्हणून सांगतो. दिवा असू दे तसाच.

फेब्रुवारीतली गोष्ट. मी आणि ओडेट, आम्ही नवरा-बायको एकच ट्रक आळीपाळीने चालवतो. उत्तरेकडच्या हर्स्ट गावातल्या लाकूड गिरणीतून फळ्या भरलेला ट्रेलर उचलायचा आणि सडबरीला पोचवायचा, एवढंच काम होतं. ट्रेलर आमच्या मालकाने नुकताच लिलावात घेतलेला. राखाडी रंगाचा, जुना, पण टायर चांगले होते.

निघण्याआधी रोज सकाळी गाडी तपासायची, हा आमच्याकडचा कायदा आहे. मी लाकडी हातोडीने एकेक चाक ठोकत फिरतो. हवा नीट भरली असेल तर टायर खणखणीत बोलतो, कमी असेल तर मातीच्या ढिगावर मारल्यासारखा आवाज येतो. नट बघायचे, साखळ्या ओढून बघायच्या, इंजिन बंद करून हवा कुठे फुसफुसते का ते ऐकायचं. शेवटी दिवे. त्याला दोघं लागतात. मी केबिनमध्ये बसून ब्रेक दाबतो आणि ओडेट मागून ओरडते.

त्या सकाळी उजाडलं होतं, पण धुकं इतकं की आरशात ट्रेलरचं मागचं टोक दिसत नव्हतं. थंडीने नाकातले केस कडक झालेले. ओडेट थर्मास भरायला गिरणीच्या कँटीनमध्ये गेली होती. मी चाकं ठोकून केबिनमध्ये बसलो. काच थोडी खाली करून ब्रेक दाबला. म्हटलं, आली असेल तर सांगेल.

"पेटला," मागून आवाज आला.

मी डावा दिवा लावला.

"पेटला."

उजवा.

"पेटला."

आवाज जाड होता. मफलर तोंडावर घेतला असेल, असं मला वाटलं. मी हवेचा ब्रेक सोडायला हात पुढे केला.

"थांब... मी अजून खाली आहे."

माझा हात तिथेच राहिला. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि ओडेट थर्मास घेऊन वर चढली.

"असा काय बसलायस पुतळ्यासारखा?" ती म्हणाली.

मी खाली उतरलो. गुडघ्यावर बसून ट्रेलरखाली पाहिलं. खाली रात्रीचा भुरभुरीत बर्फ होता, त्यावर ससासुद्धा चाललेला नव्हता. जळक्या ब्रेकचा थोडा वास येत होता. गाडी रात्रभर उभी होती, तरीही.

"बाहेर आलास का?" मी विचारलं. कुणाला विचारलं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मग तिला आवाजाचं सांगितलं. ओडेट हसली. "तुम्हा साल्मेलांच्या घराण्यात वेड आहे, असं माझी आई म्हणायचीच."

आम्ही निघालो. वाटेत काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी रिकामा ट्रेलर घेऊन परतायचं होतं. ऊन पडलेलं. या वेळी मागे ओडेटच होती. दिवे झाले आणि ती पुढे आली ती हळूहळू चालत, एक हात ट्रेलरला लावून. वर बसली.

"वेको," ती म्हणाली, "तो आवाज माझ्या पायाजवळून आला रे..."

मी तिच्या हसण्याची वाट पाहिली. ती हसली नाही.

पुढे हायवेवरच्या वजनकाट्यावर आम्हाला बाजूला घेतलं. तपासणीवाली मुलगी नवीन असावी. तिने विजेरी घेऊन ट्रेलरला फेरी मारली आणि माझ्या खिडकीशी येऊन वैतागून म्हणाली, "काका, तुमच्या माणसाला आधी बाहेर बोलवा. मगच गाडी हलवायची." मी म्हटलं, आम्ही दोघंच आहोत. ती पुन्हा मागे गेली. परत आली ती आमच्याकडे न बघता हाताने 'जा' म्हणाली.

आमच्या यार्डात लुसियन पाकेत नावाचा म्हातारा मेकॅनिक आहे. त्याला विचारलं. तो कापसाच्या बोळ्याने हात पुसत राहिला.

"कडाक्याच्या थंडीत ब्रेक चाकातल्या ड्रमला चिकटून गोठतात, माहीत आहे ना? मग एकाने खाली शिरून हातोडा मारायचा. कापुस्कासिंग गावाकडे ड्रायव्हरांची एक जोडी होती. एक खाली, एक केबिनमध्ये. वरच्याला वाटलं, हा बाहेर आला."

"तो हाच ट्रेलर?" ओडेटने विचारलं.

"असेल. नसेलही. पोरी, चांगला ट्रेलर कोण मोडीत काढतं? धुतात आणि विकतात."

आम्ही मालकाला सांगितलं की हा ट्रेलर आम्ही ओढणार नाही. त्याने कारण विचारलं नाही, तो दुसऱ्या ड्रायव्हरला, ड्वेन कोझाकला दिला. ड्वेन तिशीचा, गडी उमदा, पण घाईचा. तपासणी त्याने कधी मनापासून केली नाही. "चाकं गोल आहेत ना? बास," म्हणायचा.

दुपारची वेळ होती. ओडेट त्याच्या ट्रकसमोर जाऊन उभी राहिली.

"ड्वेन, एकदा खाली बघ. माझ्यासाठी बघ."

"वहिनी, माझी मुलगी आज हॉकी खेळतेय. सरका बरं," तो हसून म्हणाला आणि त्याने भोंगा वाजवला. मी ओडेटचा दंड धरून तिला बाजूला घेतलं.

ब्रेक सुटल्याचा फुसकारा झाला. आम्ही दोघांनीही तो आवाज ऐकला. "थांब..." एवढंच. ओरडला नाही तो. माणूस ओळखीच्याला सांगतो तसं म्हणाला.

ट्रेलरची मागची चाकं वर उचलली गेली आणि खाली आली. त्यातली आधी पुढची जोडी, मग मागची.

ड्वेन उतरला. धावत मागे आला, पोटावर पडून खाली पाहिलं. बर्फ सपाट होता. त्यावर टायरची नक्षी आणि बाकी काही नाही. तो तसाच पडून राहिला. लुसियनने आणि मी त्याला उठवलं.

"गेला... माझ्या चाकाखाली गेला," तो म्हणत होता.

"कुणी नव्हतं, बाळा," लुसियन म्हणाला.

"मला कळलं, काका. पायाला कळलं."

त्याच्या मुलीला खेळावरून आणायला ओडेटच गेली. ड्वेनने पुन्हा ट्रक चालवला नाही. आता तो आमच्याच गावात शाळेची इमारत झाडतो. ट्रेलर मालकाने मोडीत काढला. लोखंड कापताना मी उभा होतो. काही ऐकू आलं नाही.

ओडेटला वाटतं, विषय तिथे संपला. तिची झोप परत आली. मीही तसंच समजत होतो.

मागच्या आठवड्यात आम्ही नवाकोरा ट्रेलर जोडला. कारखान्याचा रंगसुद्धा अजून नखाला लागतो. लख्ख सकाळ होती. चाकं ठोकली, दिवे झाले, ओडेट येऊन शेजारी बसली, पट्टा लावला. मी खाली वाकून पाहिलं होतं, आता रोजच पाहतो. खाली कुणी नव्हतं.

आमच्या सीटमागे झोपायचा बर्थ आहे, त्याला पडदा. पडद्याआडून जळक्या ब्रेकचा वास आला. मग कुणीतरी अंग सैल सोडून आडवं व्हावं तशी गादी करकरली.

"चला," तोच जाड आवाज म्हणाला.

"चला," ओडेट म्हणाली आणि माझ्या हातात कॉफी दिली. तिला वाटलं, मीच बोललो. मी तिला तसंच वाटू दिलं आणि ब्रेक सोडला.