खालची कड मोकळी

खुलताबादचा घाट उतरून दौलताबादच्या वेशीतून गाडी बाहेर काढताना तनुजाचे सारे लक्ष पुढे होते. म्हणूनच मागे काय सुटले हे तिला कळले नाही. कळले ते एका मोटारसायकलवाल्यामुळे. तो बराच वेळ हॉर्न वाजवत होता आणि ती बराच वेळ त्याच्याकडे दुर्लक्ष करत होती. एकट्या मुलीच्या गाडीमागे हॉर्न वाजवणारे सगळेच काही सांगण्यासाठी वाजवतात असे नाही, हा तिचा अनुभव होता. अखेर माळीवाड्याच्या अलीकडे त्याने मोटारसायकल पुढे घातली आणि पेट्रोलच्या टाकीवर आडवी धरलेली एक काळी, रुंद, पट्ट्यापट्ट्यांची वस्तू तिला दाखवली. ती वस्तू तिच्या गाडीच्या मागच्या काचेवर असायला हवी होती.

तिने गाडी बाजूला घेतली.

"वेशीपाशी पडली," तो म्हणाला. "माझ्या चाकाखाली येता येता वाचली. म्हणजे ती पण वाचली, मी पण."

ती वस्तू म्हणजे लूव्हर. खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्यांची चौकट. काचेवर बाहेरून बसवली की ऊन वरच्या वर अडते आणि पट्ट्यांच्या फटींतून मागचा रस्ताही दिसत राहतो. तनुजाने आभार मानून हात पुढे केला. पण त्याने लूव्हर परत न देता उलटी केली आणि मागे लावलेल्या टेपवरून अंगठा फिरवला.

"हे कुणी चिकटवलं?"

"का?"

"उगं विचारलं. ज्यानं चिकटवलं त्यानं काच पुसलीच नाय. टेपला काच लागलीच नाय मॅडम, नुसती धूळ लागली. धूळ मात्र लई पक्की चिकटलीय."

"ज्यानं नाही," तनुजा म्हणाली. "जिनं."

त्याने लूव्हर डोळ्यांजवळ धरली. मग पुन्हा टेपकडे पाहत म्हणाला, "काप लई सरळ घेतलेत पण. आमच्या दुकानात एवढे सरळ कुणाला येत नाय."

हे कौतुक होते की सारवासारव, याचा निर्णय ती करते तोच तो डिकीकडे वळला. तिने एकदम हात आडवा धरला. "तिथंच थांबा. दोन पावलं मागं."

तो थांबला, दोन पावले मागेही गेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होते, आणि तनुजाला पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिले ते हेच. तिने सांगितले की त्याच्या अंगाला थिनरचा वास येतो आहे, आणि डिकीत जे आहे त्याला तो वास सोसत नाही.

डिकीत, ओल्या गोणपाटाखाली, लूव्हरने ऊन अडते का हे पाहण्यापुरते आणलेले दोन ट्रे होते, आणि त्यांत तुतीच्या बारीक चिरलेल्या पानांवर रेशमाच्या अळ्या होत्या. तनुजाने कृषी पदवी घेतल्यावर फुलंब्रीजवळच्या आपल्या गावी हे काम सुरू केले होते. अळ्या अंड्यातून निघाल्यापासून दुसरी कात टाकीपर्यंत ती त्यांना सांभाळी आणि मग लासूर स्टेशनकडच्या शेतकऱ्यांना पोचवी. ते पुढे त्यांचे कोष करत. एवढ्या लहान वयात या अळ्यांना धूर, औषध, रसायन, काहीच चालत नाही. आणि ऊन तर मुळीच नाही. फुलंब्रीहून लासूरला जाताना गाडी पश्चिमेकडे चालते, त्यामुळे सकाळचे ऊन सारी वाट मागच्या काचेवर असते. मागच्या खेपेला त्या उन्हाने निम्म्या अळ्या वाटेतच मेल्या होत्या. शेतकरी वाईट बोलले नाहीत; आणखी एक खेप पाहू, एवढेच म्हणाले. तीही बिघडली तर शेड बंद करून काकांनी पुण्यात पाहिलेली विमा कंपनीतली नोकरी धरायची, असा शब्द तिने घरी दिला होता.

हे सारे एका अनोळखी माणसाला रस्त्यात उभे राहून का सांगितले, याचे उत्तर तिला देता आले नसते. त्याने विचारले होते, एवढेच. आणि विचारून झाल्यावर तो ऐकत होता, हे दुर्मीळ.

त्याचे नाव गोकुळ. राहायला दौलताबाद, कामाला शहरात जालना रोडवरच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात. खेपेच्या आधी गाडी घेऊन या, नीट बसवून देतो, असे सांगून तो गेला.

दुकानात दोघांचा पहिला तास वादात गेला. काचेला काळी फिल्म का नाही, असे त्याने विचारले. फिल्मला पोलीस धरतात, असे ती म्हणाली. मग आतून पडदा? पडद्यापर्यंत पोचलेले ऊन गाडीच्या आत आलेलेच असते, ते बाहेरच अडवायला हवे, हा तिचा मुद्दा होता. तो त्याने मान्य केला, पण लगेच नाही. उलटसुलट तपासून केला. तिला ते आवडले. जो लगेच मान्य करतो त्याने ऐकलेले नसते, असे तिचे मत होते.

मग त्याने काच धुतली, वाळवली आणि पुसायचे कापड पांढरे राहीपर्यंत स्पिरिटने पुसली. टेप गरम करून लूव्हर ठेवली आणि दाबायला तिला दुसऱ्या बाजूला उभे केले. मधून कडेकडे दाबत न्यायचे, म्हणजे हवा अडकत नाही. त्याचा तळवा डावीकडे जाई, तिचा उजवीकडे. सुरुवात मात्र दोघांना दर वेळी मधूनच करावी लागे. तिसऱ्या पट्टीपाशी तो म्हणाला की मॅडमचा हात जड आहे. चौथ्या पट्टीपाशी ती म्हणाली की तिला मॅडम म्हणू नये. उरलेल्या पट्ट्या दोघांनी एका लयीत दाबल्या.

सीलंटची, म्हणजे फटी बुजवायच्या लेपाची, नळी उघडली तेव्हा तनुजाने सवयीने नाक पुढे केले. वास जवळजवळ नव्हताच.

"नेहमीच्याला आंबट वास असतो," गोकुळ म्हणाला. "हे वेगळं हुडकलं. तरी गाडीची दारं दोन दिवस उघडी टाका."

त्याने वरची कड भरली, दोन्ही बाजू भरल्या, ओल्या बोटाने रेघ गुळगुळीत केली आणि नळीला टोपण लावले.

"खालची राहिली," ती म्हणाली.

"राहिली नाय. ठेवली."

"का?"

"पाणी कुठून ना कुठून शिरणारच. कितीबी बंद करा. शिरलं तर जायला वाट पायजे."

उत्तर बिनतोड होते. तरीही घरी आल्यावर ती मोकळी कड तनुजाच्या डोळ्यांत खुपू लागली. फटीत धूळ बसे. काम अपुरे वाटे. ज्या घरात मुंगी शिरेल म्हणून ट्रेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, त्या घरातल्या मुलीला उघडी फट पाहवत नाही. एका दुपारी तिने शहरातून आणलेल्या नळीने ती कड भरून टाकली. रेघ अर्थातच सरळ आली.

त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. दुसऱ्या सकाळी लूव्हरच्या खालच्या अंगाला पाणी साचलेले दिसले. उन्हाने त्याची वाफ झाली, काच धुरकटली, आणि संध्याकाळपर्यंत टेप पांढरी पडून सुटू लागली.

दुकानात गोकुळने गाडीभोवती एक फेरी मारली आणि खालच्या कडेशी वाकला. "हे ज्यानं केलं…"

"जिनं," ती खाली पाहत म्हणाली.

तो हसला नाही. हसू आवरतो आहे हे मात्र दिसू दिले. आता सगळे काढून नव्याने करावे लागणार होते. त्याने मासे धरायचा नायलॉनचा दोरा आणला, लूव्हर आणि काच यांच्या मधून ओवला आणि एक टोक तिच्या हाती दिले. करवतीसारखा तो दोरा इकडून तिकडे चालवायचा. एकाने ओढले की दुसऱ्याने सैल सोडायचे. दोघेही ओढू लागले तर दोरा तुटतो. हे जमायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि जमल्यावर थांबायची घाई कुणालाच राहिली नाही.

"एक विचारू?" दोरा ओढत तो म्हणाला.

"विचारा."

"मला त्या बघायच्यात. अळ्या. ज्यांच्यासाठी मी वासाचं सगळं सोडून बिनवासाचं हुडकत बसलो… त्या दिसतात तरी कशा?"

तनुजाने दोरा सैल सोडला. "रविवारी या," ती म्हणाली. आणि बोलण्याच्या भरात, येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती जे सांगते ते सांगायचे राहून गेले.

लूव्हर पुन्हा बसली, या वेळी खालची कड मोकळी ठेवूनच. रविवारी गोकुळ आला. इस्त्रीचा सदरा, तेल लावून बसवलेले केस, आणि कानामागे खसाचे अत्तर. त्याचा काय दोष? या शहरातला माणूस कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना अत्तर लावल्यावाचून गेला तर त्याला उघडे वाटते. तो फाटकातून आत आला तेव्हा त्याच्या आधी वास शेडच्या दारापर्यंत पोचला. आत अळ्या नुकत्याच कातीला बसल्या होत्या, डोके वर करून निश्चल. अशा वेळी त्या सर्वांत नाजूक असतात; सुगंधही त्यांना सोसत नाही.

"तिथंच थांबा," तनुजा दारातून म्हणाली. तिचा आवाज हवा होता त्याहून कठोर निघाला. "पुढं येऊ नका."

अंगणात तिचे वडील होते, शेजारची दगडाबाई होती. उंबऱ्याशी रोगजंतू अडवायला चुन्याची पांढरी पट्टी ओढलेली होती. गोकुळने ती पाहिली, मग तनुजाकडे पाहिले. "बरं," एवढेच म्हणाला, हातातली पिशवी ओट्यावर ठेवून वळला. ट्रे झाकून तनुजा बाहेर येईतो रस्त्यावर फक्त धूळ होती. पिशवीत सीलंटची एक नळी होती आणि नायलॉनचे नवे रीळ.

त्याचा नंबर तिच्याकडे नव्हता, दुकानाचा होता. सोमवारी तिथून कळले की गोकुळ रजेवर गेला आहे. किती दिवस? सांगून गेला नाही. खेपेची तयारी करताना ती चुकत नव्हती, पण कुणाशी वादही घालत नव्हती. हे वडिलांच्या लक्षात आले.

खेपेच्या सकाळी पहाटेपासून भुरभुर होती. साऱ्या ट्रेंवर ओले गोणपाट घालून ती निघाली. घाट लागेतो ढग फाटले आणि मागून ऊन आले. आरशात पट्ट्या दिसत होत्या, जागच्या जागी, ओल्या. त्यांच्याकडे पाहताना तिला वेळोवेळी नजर रस्त्याकडे वळवावी लागत होती.

दौलताबादच्या वेशीबाहेर गोकुळ उभा होता. मोटारसायकल नव्हती. अंगात जुना सदरा, केस कोरडे. तिने गाडी थांबवली. तो जवळ आला नाही. दोन पावलांवरून, वाकून, त्याने मागची काच पाहिली.

"पाणी चाललंय खालून," तो म्हणाला. "बघा उतरून."

ती उतरली. मोकळ्या कडेवरून थेंब एकामागून एक घरंगळत होते.

"त्या दिवशी मी…" ती म्हणाली. "तुम्हाला नाही हाकललं. अत्तर होतं."

"कळलं. पण घाटात आल्यावर. वारा मागून होता, माझा वास मलाच आला." तो थांबला. "मग रजा टाकली. थिनर नाय, टेप नाय, साबण बी सोडला. नुसत्या पाण्यानं आंघोळ."

"एवढे दिवस? आणि घरचे जवळ बसतात?"

"नाय बसत. तुमचं तुम्ही बघा."

तिने पुढचे दार उघडले. गाडी सुरू झाल्यावर, लूव्हरकडे बघत बसल्याचे निमित्त करून, तो म्हणाला, "अळ्या बघायला आलो नव्हतो मी त्या दिवशी. म्हणजे आलो होतो… पण तेवढ्यासाठी नाय."  तनुजाने आपल्या खिडकीची काच थोडी वर केली. वाऱ्यात त्याचा शब्द जाऊ नये म्हणून.

लासूरच्या अलीकडे कडूबांची शेड होती. कडूबा म्हणतील ते आसपासचे सारे तुतीवाले ऐकत. त्यामुळे खेप कशी उतरली हे तेच ठरवणार होते. त्यांनी ट्रे एकामागून एक आत नेले, शेवटच्यावरचे गोणपाट उचलले, ताजे पान ठेवले आणि वाकून पाहू लागले. तनुजाही त्या पानाकडे पाहत होती. मग एक डोके हलले, मग दुसरे, आणि साऱ्या ट्रेभर अळ्या पानाच्या कडेला लागल्या.

"जित्या हायेत," कडूबा म्हणाले. "समद्या. ताई, पुढची खेप बी तुमचीच."

तेव्हा कुठे त्यांचे लक्ष दाराबाहेर गेले. चुन्याच्या पट्टीपलीकडे गोकुळ उभा होता, मान लांब करून आत पाहत. ज्या अळ्यांसाठी त्याने साबण सोडला त्या त्याला अजून दिसल्या नव्हत्या.

"ह्यो कोण?" कडूबांनी विचारले. "परक्या माणसाला आत घेत नाय आम्ही."

तनुजाने गोकुळकडे पाहिले. तोही उत्तराची वाट पाहत होता; कडूबांपेक्षा अधिक.

"परके नाहीत ते," ती म्हणाली. आणि कडूबा आणखी काही विचारण्याआधी तिने दारातला तांब्या उचलला आणि त्याच्या हातांवर, पायांवर पाणी घातले.

"या," ती म्हणाली. "आत या."

पट्टीपासून ट्रेपर्यंत दोनच पावले होती.